धोंडो : धोंड्यावरून की धुंडिराजावरून?

वंशवेल

जुन्या घराण्यांच्या वंशावळी मांडताना 'धोंडो' हे नाव दर दोन-तीन पिढ्यांनी भेटतंच. अर्थ विचारला की दोन ठाम उत्तरं मिळतात. एक पक्ष म्हणतो, मुलं जगत नव्हती म्हणून दगडाचं नाव ठेवलं. दुसरा म्हणतो, छे, हे गणपतीचं नाव, धुंडिराजाचं लाडकं रूप. दोघांनाही खात्री असते आणि दोघांकडेही कागद नसतो.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मूळ नेमकं कोणतं? धोंडो, धोंडू, धोंडीबा, धोंडजी ही एकाच नावाची रूपं धरायची का? आणि मोडी कागदात 'धोडो' दिसतं, तो कोणी वेगळा माणूस की हाच?

---

शब्दकुळी

आधी दगडाकडून येऊ, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

धोंडा म्हणजे दगड, धोंड म्हणजे मोठा दगड, आणि त्यावरूनच 'गळ्यात धोंड' म्हणजे नकोसं ओझं. 'पायावर धोंडा पाडून घेणे', 'कपाळात धोंडा' हे वाक्प्रचार पाहिलेत तर या शब्दाला मराठीत फारशी प्रतिष्ठा नाही हे कळतं. नाव म्हणून तो निवडला गेला तो त्याच कारणाने. पाठोपाठ मुलं दगावली की पुढच्याचं नाव मुद्दाम हलकं ठेवायचं, म्हणजे सटवीची, दृष्टीची, काळाची नजर त्याच्यावर ठरत नाही. या नावांची मोठी भावकी आहे: दगडू, धोंडू, केरू, केरबा, कचरू, उकिरडा, भिकू, भिकाजी, कवडू, कोंडिबा, नथू.

या नावांमागे नुसता शब्द नसे, विधी असे, हे बहुतेक वेळा सुटून जातं. उकिरडा किंवा केरबा नाव ठेवायचं तर जन्मलेलं मूल क्षणभर केरावर ठेवत, दुसऱ्या कोणी ते उचलायचं आणि आईने परत घ्यायचं. कवडू म्हणजे कवडी देऊन परत विकत घेतलेला. कोंडिबात मोल म्हणून धान्याचा कोंडा. भिकू नाव असेल तर आईने चार-पाच घरी जाऊन धान्य किंवा अंगड्याला कापड मागून आणायचं. नथूचं नाक टोचून नथ घालत, मुलगी समजून काळाने सोडावं म्हणून. धोंडू-दगडूला मात्र असा ठरावीक विधी सगळीकडे सापडत नाही. तिथे काम शब्दानेच भागतं. हा दगड आहे, याला कोण नेणार!

पण दगडाला दुसरी बाजूही आहे. जातकर्म संस्कारात बाप नवजात मुलाच्या खांद्यांना हात लावून म्हणतो: 'अश्मा भव, परशुर्भव, हिरण्यमस्तृतं भव'. दगड हो, परशू हो, अभंग सोनं हो. आश्वलायन गृह्यसूत्रात हा मंत्र आहे. लग्नात वधूला सहाणेवर उभं करून 'अश्मेव त्वं स्थिरा भव' म्हणतात, तेही याच जातीचं. तेव्हा धोंडो म्हणजे केवळ तुच्छतादर्शक नाव असं नाही, 'टिकाऊ हो' हा आशीर्वादही त्यात आहे.

---

तिरकस_काना

माहितीपूर्ण प्रतिसाद, पण शेवटच्या परिच्छेदाशी असहमत. मंत्रात अश्मा आहे म्हणून धोंडो हे नाव मंत्रातून आलं असं सुचवणं म्हणजे उडी झाली. ज्या घरांत केरबा, कचरू, दगडू ही नावं सर्रास होती, त्यांतल्या बहुतेक घरांत गृह्यसूत्राचा संस्कार होतच नव्हता.

---

शब्दकुळी

उगम म्हणून नव्हे, समांतर म्हणून दिलं होतं. वाक्य ढिलं झालं हे मान्य. अनाकर्षक नावाने मूल वाचवणं ही चाल मराठीपुरती नाहीच. बंगालीत तिनकडी, पाचकडी (तीन-पाच कवड्यांना घेतलेला) आहेत, हिंदीत घसीटा (फरपटलेला). संस्कृत मंत्र आणि गावची चाल यांनी दगडाचा एकच गुण वेगवेगळ्या कारणाने उचलला, इतकंच.

---

पाली_खोपोली

आता गणपतीची बाजू, कारण ती कमजोर समजली जाते आणि ती तशी नाही.

काशीत विश्वनाथाच्या वाटेवर ढुंढिराज गणेश आहे, काशीच्या छप्पन्न विनायकांपैकी प्रमुख. स्कंदपुराणाच्या काशीखंडात नावाची फोड दिली आहे: 'ढुंढ्' धातू शोधणे या अर्थी, सगळे अर्थ ज्याने शोधले तो ढुंढि. हिंदीतलं ढूँढना आणि आपलं धुंडणे, धुंडाळणे हे याच कुळातले. मराठीत ढ चा ध झाला, म्हणून आपण धुंडिराज लिहितो. दादासाहेब फाळक्यांचं नाव धुंडिराज गोविंद, जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. तीर्थक्षेत्राच्या गावात, वैदिक घरात हे नाव असणं अगदी स्वाभाविक.

आणि पाली घ्या. बल्लाळेश्वराच्या देवळामागे धुंडीविनायक आहे. बल्लाळ पोरांना जमवून एका दगडाला गणपती मानून पूजा करत बसे. बाप कल्याण शेठ रागावला, पूजा मोडली, तो दगड भिरकावून दिला आणि पोराला झाडाला बांधलं. भिरकावलेला तो दगड म्हणजे धुंडीविनायक. बल्लाळेश्वराच्या आधी त्याचं दर्शन घ्यायची रीत आहे. म्हणजे देवाचं नाव धुंडी आणि देव स्वतः धोंडा! या पट्ट्यात 'धोंड्यावरून की धुंडीवरून' हा प्रश्नच गैरलागू होतो.

---

अनुस्वार

ध्वनींच्या अंगाने पाहिलं तर धुंडि > धोंडी हा बदल बिनचूक बसतो. जोडाक्षराआधीच्या उ चा प्राकृतात ओ होतो. तुंड > तोंड, शुंडा > सोंड, कुंड > कोंड (नदीतला डोह, कोकणात अजून म्हणतात), पुस्तक > पोथी. वररुचीने प्राकृतप्रकाशात यासाठी जे सूत्र दिलंय त्यात उदाहरण म्हणून 'तुंड' हाच शब्द आहे. -उंड चं -ओंड होण्याचं यापेक्षा चांगलं प्रमाण काय हवं?

---

शब्दकुळी

काळ जुळत नाही. तुंडाचं तोंड झालं ते प्राकृताच्या काळात. ढुंढिराज हे नाव पुराणातून, तयार अवस्थेत, फार नंतर मराठीत आलं. उशिरा आलेल्या संस्कृत नावांना हा नियम आपोआप लागत नाही. तसा लागला असता तर मुकुंदाचा मोकोंद झाला असता, वक्रतुंडाचा वक्रतोंड झाला असता.

---

अनुस्वार

वक्रतोंड! बरं, मान्य. मग असं म्हणू: नियमाने नव्हे, ओढीने. धुंडिराज हा शब्द रोजच्या बोलण्यात परका, धोंडा घरचा. परक्या शब्दाला घरच्या शब्दाचं रूप देण्याची खोड सगळ्याच बोलींना असते. म्हणून 'धोंडिराज' असं मधलं रूपही लिहिलेलं दिसतं. ते ना धड दगड, ना धड काशीचा गणपती.

---

शब्दकुळी

हे पटतं. तेव्हा माझं मत असं की धोंडो हे दोन वेगळ्या नावांचं एकच बोली रूप आहे, आणि कोणत्या घरात कुठलं ते नुसत्या शब्दावरून ठरत नाही. आजूबाजूच्या नावांवरून ठरतं.

---

मोडीवाचक

त्या शेवटच्या 'ओ' बद्दल कोणी बोललं नाही, आणि उलगडा बराचसा तिथेच आहे. मोरो, नारो, दत्तो, निळो, धोंडो ही एका साच्यातली नावं. मोरेश्वराचा मोरो (मोरो त्रिंबक पिंगळे), नारायणाचा नारो (नारो शंकर), दत्तात्रेयाचा दत्तो (अण्णाजी दत्तो), नीळकंठाचा निळो (निळो सोनदेव). लांब नावाचा पुढचा तुकडा घ्यायचा आणि ओ लावायचा. जुन्या मराठीत प्रथमेला -उ, -ओ येतच असे, 'ज्ञानदेवो म्हणे' आठवा. दफ्तरी लिखाणात हा ओ टिकून राहिला.

आता पाहा, या साच्यातली जवळजवळ सगळी नावं देवाच्या लांब नावाची आखूड रूपं आहेत. म्हणून लेखणीवाल्या घराण्यात आगेमागे मोरो, नारो, गणेश, विनायक असतील आणि मधे धोंडो, तर पारडं धुंडिराजाकडे झुकतं. १८५७ च्या नानासाहेब पेशव्यांचं मूळ नाव धोंडोपंत, वडील नारायण भट. १८२७ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने त्यांना दत्तक घेतलं. उलट भावंडांत दगडू, केरू, भिकाजी असतील तर धोंडू हा धोंडाच.

मोडी कागदात 'धोडो' दिसलं तर घाबरू नका, तो हाच. मोडीत अनुस्वार पुष्कळदा गाळलेला असतो आणि ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. म्हणून धोंडि की धोंडी हा वाद मोडी कागदावर घालण्यात अर्थ नाही. उकार आणि ओकार मात्र मोडीत वेगळे आहेत, तेव्हा 'धुडी' लिहिलंय की 'धोडी' हे नीट पाहा, तो फरक खरा असतो. शिकाऊ वाचकाची आणखी एक चूक म्हणजे शिरोरेघेवर शब्द सलग असल्यामुळे 'धोडोपंत' मधला 'पंत' पुढच्या शब्दाला जोडून वाचणं.

रूपांबद्दल: धोंडो, धोंडोपंत दफ्तरी वळणाचं, धोंडजी, धोंडीबा, धोंडीराम देशावर शेतकरी आणि धनगर घरांत, धोंडू सगळीकडे, कोकणात अधिक. हे ढोबळ आहे, यावरून कोणाची जात ठरवू नये. कर्नाटकात गेलं की शेवट बदलतो. धोंडजी वाघ, जो १० सप्टेंबर १८०० ला वेलस्लीच्या फौजेशी लढताना पडला, तो इंग्रजी कागदांत 'धूंडिया' होऊन बसलाय.

---

तिरकस_काना

आणि बायकांची नावं? धोंडूबाई, धोंडाबाई पुष्कळ आहेत. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी (१९२७-२०१४) सगळ्यांना माहीत आहेत. धुंडिराजावरून बाईचं नाव कसं निघेल?

---

शब्दकुळी

निघतं की. विठ्ठलावरून विठाबाई, गणपतीवरून गणाबाई निघते तसंच. त्यामुळे हा पुरावा कुठल्याच बाजूचा नाही.

एक फरक मात्र ठेवा. धोंडूबाई हे नाव मूल जगावं म्हणून असतं. 'नकुशी', 'नकोशी' ही मुलगी नको म्हणून ठेवलेली नावं. दोन्ही हलकी दिसतात म्हणून एका टोपलीत टाकू नयेत. नकुशांची नावं बदलण्याचा कार्यक्रम २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात झाला तो याच कारणाने.

---

अवकहडा

धोंड्याच्या महिन्यात जन्मला म्हणून धोंडू, हे तिसरं उत्तर इथे अजून कसं आलं नाही? अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, आणि जावयाला पुरण भरलेले धोंडे वाढतो. या महिन्यातल्या मुलांची पुरुषोत्तम, अधिक, अधिकराव ही नावं नक्कीच आहेत. धोंडूही असू शकतं, पण हे तपासता येतं, तेव्हा तपासल्याशिवाय लिहू नका.

जन्मतारीख असेल तर काम सोपं. अधिक महिना सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी येतो आणि साधारण १९ वर्षांनी त्याच जागी परततो. २००४ मध्ये अधिक श्रावण होता, २०२३ मध्येही अधिक श्रावण, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. १९-१९ वर्षं मागे जात अंदाज घ्या आणि मग त्या सालचं पंचांग उघडा. अंदाजावर थांबू नका, कारण महिना एखाद्याने सरकतो. चूक नेहमी एकच होते: जन्म 'श्रावणात' म्हणून नोंदलेला असतो आणि तो अधिक की निज (त्यानंतरचा नेहमीचा) हे कोणी पाहत नाही.

राशीवरून नाव आलं असंही कोणी म्हणेल. पूर्वाषाढा नक्षत्राची चरणाक्षरं, म्हणजे जन्मनाव ज्यांवरून ठेवतात ती अक्षरं, भू, धा, फा, ढा. यात धा आहे, धो नाही. धो हे अक्षर अवकहडा चक्रात (सगळ्या नक्षत्रांच्या चरणाक्षरांच्या तक्त्यात) कुठेच येत नाही. म्हणजे धोंडो हे काटेकोर नावरसनाव (नक्षत्राच्या अक्षरावरून ठेवलेलं जन्मनाव) असू शकत नाही. पत्रिकेत वेगळं नावरसनाव सापडलं आणि व्यवहारात धोंडो असेल, तर ते हाक मारायला मुद्दाम ठेवलेलं नाव.

---

वंशवेल

म्हणजे तीन उगम झाले. मग एखाद्या विशिष्ट धोंडोचं नक्की करायचं तर आधी काय पाहायचं?

---

मोडीवाचक

आधी आजोबा. नातवाला आजोबाचं नाव देण्याची चाल इतकी पक्की आहे की बहुतेक धोंडोंचं नाव दगडावरूनही नाही नि गणपतीवरूनही नाही, सरळ आजोबावरून आलेलं असतं. म्हणून दर दोन पिढ्यांनी ते भेटतं. वंशावळीतल्या सगळ्यात वरच्या धोंडोपर्यंत जा, शोध फक्त त्याच्यापुरता घ्यायचा. खालच्यांच्या भावंडांवरून निष्कर्ष काढला तर फसाल.

त्या वरच्या माणसासाठी क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्रातल्या पुरोहितांच्या, यजमानांच्या नोंदींच्या वह्या पाहा: त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी. यजमानाने स्वतः लिहून दिलेल्या नोंदीत नाव पूर्ण असण्याची शक्यता जास्त. तिथे 'धुंडिराज' असेल आणि घरच्या कागदात 'धोंडो', तर प्रश्न मिटला. मुलं दगावल्याचा मागही वहीतच लागतो. दोन भेटींमधे आधी लिहिलेली मुलांची नावं गायब होतात आणि नंतर धोंडू येतो.

---

सातबारा

व्यवहाराचं बोलू, कारण नावाच्या या रूपांनी सगळ्यात जास्त घोळ जमिनीच्या कागदांत होतो.

एकच माणूस एका फेरफारात 'धोंडू बाळू', दुसऱ्यात 'धोंडी बाळा', तिसऱ्यात 'धोंडिबा बाळाजी' असतो. तलाठ्याने ऐकलं तसं लिहिलं. वारस नोंदीच्या वेळी हे तीन वेगळे खातेदार होतात. उपाय म्हणजे वहीत एक तक्ता करायचा: साल, फेरफार क्रमांक, नाव जसं लिहिलंय तसं (दुरुस्त न करता!), बापाचं नाव, सर्व्हे नंबर. बाप आणि सर्व्हे नंबर जुळत असतील तर माणूस एकच असण्याची शक्यता दाट. एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले, तेव्हा जुना-नवा नंबर जुळवणारा उतारा आधी काढा, नाहीतर तक्ता मधेच तुटतो.

नुसती लेखनचूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज चालतो. सोबत जुने फेरफार आणि जिथे नाव बरोबर आहे तो मूळ कागद जोडायचा. पण 'धोंडी आणि धोंडिबा हे दोन वेगळे भाऊ होते' असं समोरच्या वारसाने म्हटलं की ती लेखनचूक उरत नाही. तो वाद दिवाणी न्यायालयाचा. हे न ओळखता १५५ खाली वर्षं घालवणारे खूप.

कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, पाहताना मुलाचं नाव शोधू नका. जन्माच्या नोंदीत बहुधा बापाचं नाव आणि 'मुलगा' इतकंच असतं, बारसं नंतर होतं. शोधायचं ते 'धोंडू'चा बाप.

---

अनुस्वार

यात टंकलेखनाची भर घालतो. ध, ओकार, अनुस्वार, ड, ओकार असा क्रम हवा. अनुस्वार आधी आणि ओकार नंतर पडला तर पडद्यावर कधी ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं, कधी काहीच वेगळं दिसत नाही. पण मतदारयादीत शोध घेतला की नाव मिळत नाही. 'धोंडो' ने नाही मिळालं तर 'धोडो', 'धोन्डो', 'धोण्डो' असं एकेक करून पाहा.

रोमी लिपीतून परत मराठीत आणलेल्या याद्या तर धमाल असतात. रोमीत ड आणि द एकच, त्यामुळे धोंडोचा 'धोंदो' होतो आणि धुंडिराजाचा 'धुंदीराज'. धुंदीत कोण होतं ते देव जाणे.

---

तिरकस_काना

अवांतर: आद्याक्षर 'धो.' लिहायचं की 'धों.'?

---

अनुस्वार

'धों.' मराठीत आद्याक्षर म्हणजे पहिला वर्ण नव्हे, पहिलं अक्षर, स्वर आणि अनुस्वारासकट. र. धों. कर्वे, ना. धों. महानोर, ना. धों. ताम्हनकर. तिघांच्याही वडिलांचं नाव धोंडो, आणि छापताना तिघांचाही अनुस्वार वारंवार गळतो.

प्रत्यय लावतानाही गडबड होते. 'धोंडो'ला सामान्यरूप होत नाही: धोंडोने, धोंडोला, धोंडोचा. 'धोंड्याने' लिहिलंत तर तो दगड तरी होतो किंवा अपमान तरी. आदरार्थी हवं तर धोंडोपंतांनी, धोंडीबांनी.

---

वंशवेल

आभार. तक्ता करायला घेतला आहे. सगळ्यात वरचा धोंडो मिळाला, त्याच्या भावांची नावं मोरो आणि भिकाजी आहेत.

---

शब्दकुळी

झालं! मोरो गणपतीच्या बाजूचा, भिकाजी दगडाच्या. थोरला कोण ते आधी पाहा. भिकाजी धोंडोच्या आधीचा असेल तर हलक्या नावांचा क्रम आधीच सुरू झाला होता, आणि मी दगडाकडे झुकेन. मोरो थोरला आणि भिकाजी शेंडेफळ असेल, तर क्षेत्रोपाध्यांची वही उघडल्याशिवाय काही लिहू नका.